मणक्याचं ऑपरेशन झालं, तरी कंबर दुखतेच: इंजेक्शन, कटिबस्ती की व्यायाम?

डिस्केक्टॉमी (सरकलेल्या गादीचा नस दाबणारा भाग काढायचं ऑपरेशन) झाली, पायातली सणक थांबली, टाके कधीच सुकले, आणि तरीही कंबर काही पिच्छा सोडत नाही, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. सर्जनना परत दाखवून झालंय असं धरून चालतो. आतला व्रण कुठला आणि नव्याने सरकलेली गादी कुठली, हे साध्या एमआरआयमध्ये नीट कळेलच असं नाही, म्हणून बऱ्याचदा शिरेतून औषध देऊन तो काढतात. त्यात पुन्हा कापण्यासारखं काही निघालं नसेल, तर पुढचं तुमच्या कामाचं. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पाऊल लुळं पडणं, बसायच्या जागी बधिरपणा, ताप, यांतलं काहीही असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आजच हॉस्पिटल गाठा.

गोळ्यांचं पटकन उरकतो. प्रीगॅबालिन बऱ्याच जणांना मिळते, सुरुवात साधारण रात्रीच्या 75 मिलिग्रॅमने. पायातल्या मुंग्या, जळजळ असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. नुसती कंबर आखडत असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा नको. मला झोप छान लागायची, पण सकाळची पहिली मीटिंग अर्ध्या गुंगीतच जायची. वजनही वाढलं. बंद करायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा, एकदम नाही.

इंजेक्शन म्हणजे एपिड्युरल स्टेरॉइड, मणक्याच्या आत नसांभोवतीच्या जागेत सोडलेलं सूज उतरवणारं औषध. ऑपरेशन झालेल्या जागी व्रणामुळे औषध नीट पसरत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना पुष्कळदा ते माकडहाडाजवळच्या फटीतून, सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणारं मशिन) बघत देतात. ऐकून जेवढी भीती वाटते तेवढं ते त्रासदायक नाही. पहिले काही दिवस मला काहीच फरक जाणवला नाही, मग खरंच हलकं वाटलं, आणि काही आठवड्यांनी दुखणं पावलापावलाने परत आलं. मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर चढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा. इंजेक्शनला मी नावं ठेवणार नाही, पण एकट्याच्या जिवावर ते फार लांब नेत नाही, निदान मला तरी नेलं नाही.

आता कटिबस्ती. त्या तासाभराच्या सुखाबद्दल विचाराल तर हिला तोड नाही. पालथं झोपायचं, कमरेवर उडदाच्या कणकेचं गोल पाळं लावतात, कडा बोटाने दाबून दाबून बंद करतात, आणि आत कोमट तेल सोडतात. ते निवलं की मदतनीस कापसाचा बोळा बुडवून तेल वाटीत पिळून घेते, गरम करते, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघते आणि पुन्हा ओतते. आखडलेले स्नायू सैल होतात हे अगदी कळतं.

पण घरी कसं येणार? मी पुण्यात धायरीला राहतो, वैद्य डेक्कनला. सिंहगड रोडवरचा तो प्रवास ज्याने कमरेचं दुखणं घेऊन केलाय त्याला अधिक सांगायला नको. प्रत्येक स्पीडब्रेकर कुठे येतो हे मला पाठ झालं होतं. तो दिसला की रिक्षावाल्याच्या पाठीमागचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि सीटवरून जरासं उठायचं. न दिसलेला खड्डा थेट टाक्यांच्या जागी बसायचा. रिक्षावाले भले, ‘काका, सांभाळून’ म्हणायचे, पण ते म्हणेपर्यंत दणका बसून गेलेला असायचा. शर्टाला तेल, सिग्नलला अर्धा तास, आणि दाराशी उतरेपर्यंत कंबर होती तिथे. बसणं हेच ज्याचं मूळ दुखणं आहे, त्याने उपचारासाठी तासभर बसून जायचं आणि तासभर बसून यायचं, हे गणित मला शेवटपर्यंत पटलं नाही.

क्लिनिकमधल्या शेकाच्या आणि करंटच्या मशिनांनाही हेच लागू. त्यात ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शनात टेन्स, आयएफटी ही करंटची मशिनं आणि अल्ट्रासाउंडचा शेक देऊ नका असंच म्हटलंय. ते ऑपरेशनवाल्यांपुरतं लिहिलेलं नाही, हे खरं. घरी टेन्सचं मशिन होतं, चिकटपट्ट्यांचा चिकटपणा गेला तसा माझा उत्साहही गेला.

व्यायाम या सगळ्यांत कंटाळवाणा, हे आधीच कबूल. कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी रूढ केलेले तीन प्रकार बहुतेक फिजिओंना माहीत असतात: पाठ न वाकवता डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवरचा साइड ब्रिज, आणि ओणवं होऊन उलट बाजूचे हात-पाय लांबवण्याचा बर्ड-डॉग. जोडीला सपाट रस्त्यावर चालणं. फिजिओला सुरुवातीला घरीच बोलावलं. बर्ड-डॉग करताना तिने माझ्या कमरेवर स्टीलचा पेला पाण्याने अर्धा भरून ठेवला आणि ‘सांडू नका’ एवढंच म्हणाली. पहिले काही आठवडे फरक शून्य, उलट दुखणं जरा वाढलंच. तिचा नियम असा, की वाढलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा, नाही उतरलं तर कमी करा. पुढे कधीतरी बालगंधर्वला नाटक बघताना लक्षात आलं, मध्यंतर झालं तरी आपण एकदाही उठून मागे जाऊन उभे राहिलो नाही.

स्क्रू-रॉड घातलेल्यांनी कोणती हालचाल चालेल हे सर्जनला विचारूनच सुरू करावं. पायातली कळ इतकी असेल की सतरंजीवर टेकताही येत नाही, तर आधी इंजेक्शन घ्या आणि त्या हलक्या आठवड्यांतच व्यायामाला लागा. मला वाटतं इंजेक्शनचा खरा उपयोग तिथेच आहे. आणि वैद्य तुमच्या गल्लीतच असतील तर कटिबस्तीवरचा माझा आक्षेप अर्ध्याहून जास्त गळून पडतो, खुशाल करा. बाकीच्यांना मी घरी येणारा फिजिओच सुचवेन. फी क्लिनिकपेक्षा जास्त पडते आणि मेडिक्लेमवाले ती सहसा देत नाहीत, पण जायचं-यायचं रिक्षाभाडं धरलं तर मला तरी ते महाग पडलं नाही.