शाळेत धर्माचा तास सक्तीचा करावा का? खानदेशातल्या पालकांसाठी आणि शाळा समित्यांसाठी तुलनात्मक आढावा

पालकसभेत गणवेश, सहल, पोषण आहार हे विषय संपले की मागून कुणीतरी म्हणतंच, "पोरेसले वळन लागाले जोयजे, सर." त्यावर सगळे मान हलवतात. मग दुसरा म्हणतो, धर्माचा एक तास सक्तीचा करा, आणि एकमत तिथेच संपतं. कारण या एका मागणीत चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: एका धर्माचं सक्तीचं शिक्षण; ज्याला हवं त्याला त्याच्या धर्माचं शिक्षण; सगळ्या मुलांना सगळ्या धर्मांची ओळख; आणि धर्म बाजूला ठेवून नुसतं मूल्यशिक्षण. समितीत हात वर करण्याआधी, किंवा मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवण्याआधी, या चार गोष्टी सुट्या करून पाहिलेल्या बऱ्या.

कायदा काय करू देतो

हे आधी उरकून घेऊ, कारण कायदा पाहिला की पहिला पर्याय जवळजवळ गळतोच. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येणार नाही. जिल्हा परिषदेची शाळा, नगरपालिकेची शाळा, शासकीय आश्रमशाळा या सगळ्या यात आल्या. गावातल्या प्रत्येक पालकाने सही दिली तरी इथे धर्माचा तास लावता येत नाही. (ट्रस्टच्या अटीवर उभ्या राहिलेल्या आणि सरकार चालवत असलेल्या संस्थांना सूट आहे, पण तसली शाळा तुमच्या गावात असण्याची शक्यता कमी.) खासगी संस्थेची शाळा मान्यताप्राप्त किंवा अनुदानित असेल तर तिथे धर्मशिक्षण देता येतं, मात्र मुलाला त्या तासाला किंवा पूजेला बसवायचं तर पालकाची संमती हवी. "आमची संस्था, आमचा नियम" म्हणणाऱ्या संचालकांनी ही अट एकदा वाचावी. अल्पसंख्याक संस्थांना कलम ३० ने शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. मान्यता किंवा अनुदान घेतलं की संमतीची अट त्यांनाही लागू होते. मदरसे आणि वेदपाठशाळा २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर आहेत. तिथे घालणारा पालक धर्मशिक्षणासाठीच घालतो, त्याचा प्रश्न वेगळा.

धर्मांविषयी शिकवणं ही मात्र निराळी गोष्ट आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा फरक स्पष्ट केला होता: एखाद्या धर्माचं शिक्षण वेगळं आणि धर्मांबद्दलचं शिक्षण वेगळं. पुढे शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने १९९९ मध्ये सर्व धर्मांची मूलतत्त्वं शिकवावीत असं सुचवलं. त्यानंतरचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा न्यायालयात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय खटल्यात (२००२) धर्मांचा अभ्यास कलम २८ च्या आड येत नाही असा निकाल दिला. म्हणजे तिसरा पर्याय जिल्हा परिषदेच्या शाळेलाही खुला आहे.

सक्ती करायची, पण कशाची?

समजा उद्या कायदा बदलला आणि सक्तीला वाट मोकळी झाली. तरी खानदेशात गाडी पुढे जाणार नाही, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण आपल्याच गावांत आहे.

बाहेरच्या माणसाला फैजपूर-सावदा पट्टा म्हणजे केळीचा आणि एकाच समाजाचा वाटेल. त्याच भाऊबंदकीत एक घर वारकरी, दुसरं महानुभाव, तिसरं सतपंथी, चौथं स्वामीनारायणाचं. महानुभाव घरात इतर देवतांच्या पूजेला जागा नाही. वारकऱ्याच्या घरी एकादशी चुकत नाही. "हिंदू धर्म शिकवा" असा ठराव झाला, तर पहिला वाद मुसलमान पालकाशी होणार नाही. तो या चार घरांत आपापसात होईल, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच पानावर. मुक्ताईची पालखी दरवर्षी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते म्हणून सगळा जिल्हा वारकरी, असं धरून चालता येत नाही.

यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी राहतात. धर्माने मुसलमान, मूळचे भिल्ल, आणि कित्येक रीती दोन्हीकडच्या. तडवी मुलाला कुठल्या वर्गात बसवणार? नंदुरबारकडे गेलं की प्रश्न आणखी अवघड. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी या आदिवासी घरांतला देव पाठ्यपुस्तकात सापडत नाही. महाशिवरात्रीला याहामोगी देवीच्या दर्शनाला देवमोगऱ्याची वाट धरणारे, काठी गावच्या होळीला रात्रभर नाचणारे लोक स्वतःला हिंदू म्हणवतात का, यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत. नवापूर भागातली बरीच कुटुंबं ख्रिस्ती आहेत. भुसावळला रेल्वेने सगळा देश एका वसाहतीत आणून ठेवला. बौद्ध, शीख, ख्रिस्ती मुलं एकाच बाकावर असतात. जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेतला जैन समाज आणखी वेगळा.

तुर्कस्तानने हा अनुभव घेतला आहे. तिथे १९८२ च्या घटनेने 'धर्मसंस्कृती आणि नीती' हा विषय सक्तीचा केला. नावाला तो सर्वांसाठी होता. शिकवलं जायचं प्रामुख्याने सुन्नी पद्धतीचं. अलेवी या तिथल्याच वेगळ्या मुसलमान पंथातलं एक कुटुंब युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि २००७ मध्ये जिंकलं. बाहेरून एकच दिसणाऱ्या धर्माच्या आतले गट तक्रार घेऊन उठतात, हा त्यातला आपल्या कामाचा भाग.

सक्ती मागणाऱ्यांचं खरं म्हणणं

तरीही सक्ती मागणारा माणूस कट्टरच असतो असं समजणं अन्यायाचं आहे. त्याचं दुखणं खरं आहे. घरातली माणसं सुरतला, पुण्याला. आजी गावाकडे, नातू फ्लॅटमध्ये. अभंगाचा अर्थ सोडा, तो कुणाचा हेही मुलाला माहीत नसतं. मोबाइलवर धर्माच्या नावाने जे येतं ते बहुतेक भडकवणारंच असतं. त्यापेक्षा शाळेत नीट शिकलेलं काय वाईट, हा प्रश्न मला बिनतोड वाटतो. धर्म माहीत नसलेलं मूल धर्मनिरपेक्ष होतं असंही नाही. त्याला कुणीही काहीही सांगून जातं.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती कानबाईची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घरांत कानबाई देवी बसते. मुंबई-सुरतेची माणसं रजा टाकून येतात, भाऊबंदकीचे रोट होतात, अहिराणी गाणी होतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. यातलं काहीही कुठल्या शाळेने कधी शिकवलेलं नाही. परीक्षा नाही, पुस्तक नाही, सक्ती तर नाहीच. तरी पिढ्यान् पिढ्या टिकलं. कानबाईवर पाच गुणांचा प्रश्न आला असता तर काय झालं असतं, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

चारही पर्याय शेजारी ठेवले तर

सक्तीचं एकधर्मी शिक्षण: कायद्यात बसत नाही, गावात एकमत नाही, पुढे बोलण्यासारखं फार नाही.

संमतीने, ज्याच्या त्याच्या धर्माचं शिक्षण कायद्यात बसतं, पण खासगी शाळेपुरतंच. श्रीलंकेत मुलांना ज्याचा त्याचा धर्म शाळेत विषय म्हणून शिकवतात. जर्मनीतही बहुतेक राज्यांत धर्म हा नेहमीचा विषय आहे आणि चौदाव्या वर्षापासून मूल स्वतः नकार देऊ शकतं. दोन्हीकडे प्रत्येक धर्मासाठी शिक्षक मिळतो हे गृहीत आहे. आपल्याकडे साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला मुळात दोनच शिक्षक मंजूर असतात. दुसरी अडचण त्याहून मोठी: तासाला न बसणारी मुलं तेव्हा काय करतात? व्हरांड्यात बसवली, तर त्या पोराला आपण वेगळे आहोत हे दर आठवड्याला शिकवलं जातं. संमतीपत्र घरी गेलं की लहान गावात नकार देणंही सोपं नसतं. म्हणून हा पर्याय घ्यायचाच तर शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, मंदिरात-मशिदीत-चर्चमध्ये व्हावा, हे माझं मत.

सर्व धर्मांची ओळख सगळ्यांना सक्तीची: मला हाच पर्याय पटतो, पण तो कागदावर जितका गोड दिसतो तितका वर्गात नसतो. तक्त्यावर सहा चिन्हं, सहा संस्थापक, सहा सण, आणि झालं, विषय संपला, असं होण्याची भीती मोठी. तक्त्यात याहामोगी नसते, सतपंथ नसतो. शिक्षकाचा स्वतःचा धर्म आवाजात उतरतोच. एका धर्माबद्दल बोलताना 'आपण' आणि दुसऱ्याबद्दल 'ते लोक' असं आपसूक येतं. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांना हा विषय शिकवावाच लागतो, अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर ठरतो, आणि तरी पालकाला मुलाला काढून घेण्याचा हक्क ठेवलेला आहे. स्थानिक पातळीवर ठरवण्याची कल्पना आपल्याला उपयोगी पडेल. सातवी-आठवीच्या मुलांनी शेजारच्या तीन घरांत जाऊन त्यांचा सण, उपवास आणि मयताची रीत विचारून लिहून आणली, तर ते मला पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. पूजा करायला लावू नये, श्रद्धेवर गुण देऊ नयेत, आणि पाठांतर तर नकोच.

नुसतं मूल्यशिक्षण: हे परिपाठात आधीपासून आहेच. त्याला कुणाचा विरोध नसतो, कारण बऱ्याचदा त्याकडे कुणाचं लक्षही नसतं. १९३७ मध्ये वर्ध्याची शिक्षण योजना आली तेव्हा गांधींनी धर्मशिक्षण तिच्यात मुद्दाम घेतलं नाही. धर्म ज्या रीतीने शिकवले जातात त्याने एकीऐवजी भांडणं वाढतील, ही त्यांची भीती होती. त्याआधी वर्षभरही झालं नव्हतं, आपल्याच फैजपूरला काँग्रेस भरली होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते. मुलांना वळण लागलं ते त्यांच्या वागण्याने, वेळापत्रकातल्या तासाने नाही. या पर्यायाची ताकद तीच आणि कमजोरीही तीच, कारण सगळं माणसावर अवलंबून राहतं.

आश्रमशाळेचं वेगळं

आश्रमशाळेत घालणाऱ्या पालकाने जास्त सावध राहावं. गावातल्या शाळेतलं मूल संध्याकाळी घरी येतं, कानावर पडलेलं घरच्याशी ताडून पाहतं. आश्रमशाळेतलं मूल महिनोन् महिने तिथेच. जेवणाआधीची प्रार्थना, अधीक्षकांचा सण, कोणत्या सणाला घरी सोडतात आणि कोणत्या नाही, हे सगळं न सांगता दिलेलं धर्मशिक्षणच असतं, मग ते कुठल्याही धर्माचं असो. होळीला पावरा मुलाला सुट्टी मिळते का, हा एक प्रश्न विचारला तरी शाळेचा कल कळतो.

इतर शाळांत प्रवेशाआधी विचारायचं ते असं: धर्माचा तास आहे का, शिकवतं कोण, त्याला गुण आहेत का, आणि न बसणारं मूल त्या वेळी कुठे असतं. शेवटच्या प्रश्नाला मुख्याध्यापक अडखळले तर तिथे संमतीचा अर्थ फारसा उरलेला नाही असं समजा. प्रार्थनेचंही विचारा. नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. शिक्षकाला जे लागू, ते मुलाला का नसावं?

खासगी संस्थेच्या समितीत असाल आणि ऐच्छिक वर्गाचा ठराव होणारच असेल, तर संमतीपत्र जूनमध्ये, लेखी, आणि प्रत्येक वर्षी नव्याने घ्या. न बसणाऱ्यांसाठी त्याच वेळी वाचनाचा किंवा खेळाचा तास ठेवा, आणि तो शिक्षकासह ठेवा. संमतीपत्रात हेही छापा की पालकाला वर्षाच्या मध्ये कधीही संमती मागे घेता येईल आणि त्याचं कारण सांगावं लागणार नाही.