जपानी सिनेमातला एकटेपणा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्याला एक सिनेमा, असे आठ महिने झाले. पहिला सल्ला टीव्हीच्या सेटिंगचा: मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. दिग्दर्शक यासुजिरो ओझूचे जुने सिनेमे १.३७:१ या जवळपास चौकोनी प्रमाणात आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायलाच हव्यात. त्या घालवायला झूम केलं की वरखाली चित्र कापलं जातं. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो, आणि खालच्या तातामीवर (गवती चटईवर) किती माणसं बसली आहेत यातच अर्धी गोष्ट असते.

दुसरी चूक वेगाची. सव्वा पट वेगाने संवाद कळतात, पण सिनेमा हातून निसटतो. ओझूच्याच 'टोकियो स्टोरी'च्या (१९५३, १३६ मिनिटं) सुरुवातीला ओनोमिची गावातलं म्हातारं जोडपं मुलांकडे जायला सामान भरतंय. हवेची उशी कुणाकडे, यावरून दोघांची शोधाशोध चालते. शेवटी ती नवऱ्याच्याच सामानात निघते. खिडकीतून शेजारीण डोकावते, तुम्ही नशीबवान म्हणते. अखेरीस तीच खिडकी, तीच शेजारीण, पण तातामीवर माणूस एकच. म्हातारा शुकिची तिला सांगतो, एकटं राहिलं की दिवस एकदम मोठा होतो. आपण 'घर खायला उठतं' म्हणतो. इथे घर उठत नाही, गप्प राहतं. बाहेर होडी जात असते. हे आत पोचायला ती उशीची शोधाशोध लक्षात असावी लागते, म्हणून पहिली दहा मिनिटं मोबाइल लांब ठेवा.

नावांचा घोळ हमखास होतो. ओझूच्या 'लेट स्प्रिंग' (१९४९), 'अर्ली समर' (१९५१) आणि 'टोकियो स्टोरी' या तिन्हींत अभिनेत्री सेत्सुको हाराच्या पात्राचं नाव नोरिकोच आहे, पण तिघी वेगळ्या. लागोपाठ बघू नका, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. 'लेट स्प्रिंग'मध्ये लेकीला सासरी पाठवून आलेला बाप सफरचंद सोलतो, साल गळून पडते, मान खाली जाते. रडणं नाही. माझ्या मते एकटेपणाचं यापेक्षा नेमकं चित्र सिनेमात क्वचितच सापडेल.

दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२) बरेच जण मध्येच सोडतात, कारण नायक वातानाबे बराच आधी मरतो. सोडू नका. पुढे त्याच्या फोटोसमोर पीत बसलेले सहकारी त्याला आठवत राहतात, आणि जिवंतपणी तो कुणालाच कळला नव्हता हे तिथे दिसतं.

दिग्दर्शक र्युसुके हामागुचीचा 'ड्राइव्ह माय कार' (२०२१) १७९ मिनिटांचा. सुरुवातीची श्रेयनामावलीच सुमारे चाळीस मिनिटांनी येते. विश्रांती घ्यायचीच तर तिथे घ्या. नंतर लाल साब गाडीत कोण कुठे बसतंय तेवढं बघत राहा. नायक काफुकू आधी मागच्या सीटवर असतो. मग एके दिवशी ड्रायव्हर मिसाकीच्या शेजारी येतो, आणि रात्री छताच्या उघड्या झरोक्यातून दोन हात वर येतात, दोन्हींत पेटलेली सिगारेट.