डार्विन की अ‍ॅलिस स्प्रिंग्ज: पहिलं अ‍ॅबोरिजिनल चित्र घ्यायला कुठे जावं?

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला निघालेल्या पुष्कळांना घरी एखादं अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी काढलेलं, चित्र असावं असं वाटतं, आणि ते कलाकारांच्या स्वतःच्या कला केंद्राकडूनच घ्यायचं असतं. त्यासाठी वर्षातले दोन मोठे मेळे आहेत. एक म्हणजे उत्तर किनाऱ्यावरच्या डार्विनमध्ये ऑगस्टमध्ये भरणारा डार्विन अ‍ॅबोरिजिनल आर्ट फेअर आणि दुसरा देशाच्या मध्यभागी वाळवंटात असलेल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जचा सप्टेंबरमधला डेझर्ट मॉब. सुट्टी आणि पैसे एकाच फेरीपुरते असतील, तर निवड करावीच लागते.

खरेपणाच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं काही नाही. पर्यटकांच्या दुकानांत मात्र परिस्थिती वाईट आहे. इंडोनेशियात बनवलेला माल अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या हातचा म्हणून विकल्याबद्दल बिरुबी आर्ट या कंपनीला 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने 23 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. आपल्याकडे वारली आकृत्या चादरी-कुर्त्यांवर सर्रास छापल्या जातात आणि पालघरच्या पाड्यांवर त्यातला पैसाही पोचत नाही. हे पाहिलेल्या माणसाला या प्रश्नाचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. या दोन्ही मेळ्यांत समोर बसलेला माणूस कला केंद्राचा असतो आणि पैसे त्या केंद्रालाच जातात.

डार्विनचं बळ आहे विविधतेत. हा मेळा 2007 पासून भरतो. वॉटरफ्रंटवरच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये देशभरातली 70 हून अधिक कला केंद्रं एका छताखाली येतात. यिरकला गावाची झाडाच्या सालीवरची चित्रं आणि लाराकिट्ज, म्हणजे पोकळ खोडांचे रंगवलेले स्मृतिस्तंभ, मानिनग्रिडा गावाचं पँडानसच्या (केवड्याच्या जातीच्या) पानांचं विणकाम, तिवी बेटांची छापील कापडं, किंबर्लीची गेरूतली चित्रं, शिवाय वाळवंटातली केंद्रंही. त्याच दिवसांत शहरातल्या संग्रहालयात 1984 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कारांचं प्रदर्शन उघडतं. ऑगस्टमध्ये डार्विनला पाऊस नसतो, आणि मुंबईहून सिंगापूरमार्गे थेट डार्विनला उतरता येतं. सिडनी-मेलबर्नला वळसा पडत नाही. अ‍ॅलिसला हे सुख नाही. तिथे देशांतर्गत विमानच घ्यावं लागतं, फेऱ्या मोजक्या आणि भाडं चढं.

इतकं सगळं असून माझा कल अ‍ॅलिसकडे आहे, आणि त्याचं कारण डार्विनची एकच गोष्ट आहे: तिथे नीट बघायला वेळ मिळत नाही. मोठे गॅलरीवाले आणि जुने संग्राहक दारं उघडताच आत असतात, आणि सोबत ऑनलाइन विक्रीही चालू असते. कॅनव्हास टेबलावर एकावर एक रचलेले असतात. कर्मचारी वहीची पानं उलटावीत तसे ते एकेक उचलून दाखवतो आणि मागे चार माणसं उभी असतात. भिंतीवरचं चांगलं चित्र विकलं गेलं की पुष्कळदा ते उतरवून गुंडाळतात आणि जागी दुसरं लावतात. म्हणजे त्या केंद्राचं उत्तम काम कसं असतं, हे उशिरा पोचलेल्याला कळतच नाही. आधी संग्रहालयात जाऊन नजर तयार करावी म्हटलं, तर तेवढ्यात मेळ्यातला पहिला दिवस हातचा जातो. सरावलेल्या माणसाला याचं काही वाटणार नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला मात्र घाईत भडक रंगच आवडून जातात.

डेझर्ट मॉबची रचनाच उलटी आहे. 1991 पासून हा मेळा अरालुएन आर्ट्स सेंटरमध्ये भरतो, आणि त्यात मध्य ऑस्ट्रेलियातली तीसेक कला केंद्रं भाग घेतात. आधी प्रदर्शन उघडतं, मग कलाकारांच्या बोलण्याचं सत्र होतं आणि त्यानंतर बाजार भरतो. प्रदर्शनातली मोठी चित्रं उद्घाटनालाच भराभर विकली जातात, तिथेही गर्दी असतेच. पण विकलेलं चित्र भिंतीवरून हलत नाही, प्रदर्शन संपेपर्यंत काही आठवडे तिथेच असतं. युएंडुमूच्या केंद्राची ठिपक्यांची चित्रं, एर्नाबेलाची मातीची भांडी, हर्मन्सबर्गची चित्रकार अल्बर्ट नामात्जिरा यांच्या परंपरेतली जलरंगातली चित्रं, त्जान्पी विणकर बायकांची गवताची जनावरं, सगळं शांतपणे पुन्हा पुन्हा बघता येतं. सत्रात कलाकार स्वतः आपल्या प्रदेशाबद्दल बोलतात, बरेचदा आपल्या भाषेत, सोबत दुभाषी असतो. दुसऱ्या दिवशी बाजारात शिरताना कोणत्या केंद्राच्या टेबलाकडे आधी जायचं हे ठरलेलं असतं.

तोटे आहेत. बाजार एकाच दिवसाचा आणि त्यातही काही तासांचाच, त्यामुळे दार उघडण्याच्या आधी रांगेत उभं राहावं. बाजारात प्रामुख्याने छोटे कॅनव्हास, 30 बाय 30 सेंटिमीटरपासून पुढचे. भिंतीवरचं मोठं चित्र घेतलं तर ते प्रदर्शन संपल्यावर पाठवलं जातं, परत भारतात जाणाऱ्याने पत्ता आणि वाहतूक खर्च आधीच ठरवून घ्यावा. आणि साल, लाराकिट्ज वगैरे उत्तरेकडचं काहीही इथे मिळणार नाही.

टेबलाशी उभं राहिल्यावर मात्र दोन्हीकडे तपासायच्या गोष्टी त्याच. कॅनव्हासच्या मागे नोंद क्रमांक असतो, तो प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. प्रमाणपत्रावर कलाकाराचं नाव, गाव, आकार, माध्यम आणि चित्रामागची कथा असते. ती कथा जेवढी सांगायची तेवढीच सांगितलेली असते. त्यापुढे खोदून विचारू नये, आणि न विचारता कुणाचा फोटो काढू नये. मग कडा बघा. रंगवलेल्या भागाबाहेर चारही बाजूंनी 4-5 सेंटिमीटर कोरा कॅनव्हास हवा. रंग अगदी काठापर्यंत गेला असेल, तर चौकटीवर ताणताना चित्राचाच भाग दुमडून मागे जातो, आणि नंतर त्यावर उपाय नसतो. वर-खाली कोणती बाजू हेही तिथेच विचारा. वाळवंटातली पुष्कळ चित्रं कॅनव्हास जमिनीवर पसरून, भोवती बसून रंगवलेली असतात, त्यांना ठरलेली वरची बाजू नसतेच. तसं असेल तर तुमच्या भिंतीला शोभेल तसं लावायला तुम्ही मोकळे.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन त्यावर बारीक सुरकुत्या पडतात. वर आम्लरहित पातळ कागद, आणि नळी निदान 10 सेंटिमीटर व्यासाची. विमानातल्या सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत अ‍ॅक्रिलिक कडक होतं, म्हणून घरी पोचल्यावर नळी काही तास तशीच ठेवून मग उघडावी, आणि महिनोन्‌महिने गुंडाळलेलं ठेवू नये. फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा: काच नको, पुढून खिळा नको आणि कोरी कड कापायची नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नका, मागे बुरशी धरते. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की मागून हवा खेळते.

परत जाताना जीएसटीचा परतावा मागता येतो. एकाच विक्रेत्याकडून किमान 300 डॉलरची खरेदी, पैसे भरल्यापासून 60 दिवसांच्या आत देशाबाहेर प्रयाण, आणि वस्तू सोबत, एवढ्या अटी. बिल 1000 डॉलर किंवा वर असेल तर त्यावर तुमचं नाव हवं, ते काउंटरवरच लिहून घ्या. केंद्र जीएसटीत नोंदणीकृत आहे ना, हेही विचारा, नाहीतर परत मिळण्यासारखं काही नसतं. नळी विमानात हातात नेता येण्याइतकी आखूड असेल तर काम सोपं, नाहीतर सामान देण्याआधी अधिकाऱ्यांना दाखवावी लागते.

ज्यांचं मन सालीवरच्या चित्रावरच बसलं आहे, त्यांनी मात्र डार्विनलाच जावं. स्ट्रिंगीबार्क झाडाची साल पावसाळ्यात, रस चढलेला असताना सोलतात, विस्तवावर शेकतात, वजनाखाली सपाट करतात आणि गेरू, पांढरी माती अशा मातीच्या रंगांनी रंगवतात. ती कोरड्या हवेत थोडी वळते. हा दोष नव्हे, म्हणून दाबून सरळ करायला जाऊ नका, तडा जाईल. एसीच्या झोतासमोर लावू नका, आणि मागे धातूचा आधार बसवलेलाच नग घ्या. साल, लाकूड किंवा बियांच्या माळा भारतात आणताना वनस्पती तपासणीचा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा नियम आधी बघून घ्यावेत आणि विमानतळावर जाहीर करावं. असा बेत असेल तर पहिल्या दिवशी दार उघडताना हजर राहा, आधी उत्तरेकडच्या केंद्रांची टेबलं गाठा आणि बाकीचा मेळा त्यानंतर सावकाश फिरा. डार्विनच्या खोल्यांचे दर त्या आठवड्यात चढतात, तेव्हा तारखा जाहीर झाल्या की लगेच आरक्षण करा.