बॅचच्या ग्रुपवरचा द्वेष आवरायला व्हॉट्सॲप आणि फेसबुक काय देतात

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये एकट्या सदस्याला म्यूट करता येत नाही. दहावीच्या बॅचचा ४० जणांचा ग्रुप असेल तर धर्माच्या किंवा जातीच्या नावाने विष पसरवणारे त्यात दोघं-तिघंच असतात. पण त्यांच्यापासून सुटका हवी असेल, तर बाकीच्यांचे वाढदिवस, आजारपणं आणि गावाकडच्या बातम्याही बंद कराव्या लागतात. ब्लॉक करूनही सुटत नाही. ब्लॉक चालतो तो वैयक्तिक चॅट, कॉल आणि स्टेटसपुरता. दोघंही ज्या ग्रुपमध्ये आहात तिथे त्याचे मेसेज तुम्हाला दिसतात आणि तुमचे त्याला. जुन्या मित्रांच्या असहिष्णु बोलण्याने बेजार झालेल्या माणसासाठी या ॲपमधली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे, आणि इतकी वर्षं ती भरून काढलेली नाही.

बाकीची साधनं इथे एकाच कसोटीवर तपासली आहेत: मैत्री तुटू न देता द्वेष लांब ठेवता येतो का, आणि ज्यांच्यावर तो द्वेष रोखलेला असतो ते वर्गमित्र एकटे पडत नाहीत ना.

म्यूटला आठ तास, एक आठवडा आणि कायमचं असे तीन पर्याय आहेत. 'कायमचं' हा पर्याय २०२० मध्ये आला. आवाज बंद होतो, पण ग्रुप चॅटच्या यादीत वर येतच राहतो आणि बोट आपोआप तिकडे जातं. म्हणून नुसत्या म्यूटवर थांबू नका, ग्रुप अर्काइव्ह करा: ग्रुपवर बोट दाबून धरा आणि वरचं खोक्याचं चिन्ह निवडा. पूर्वी नवा मेसेज आला की अर्काइव्ह केलेला ग्रुप पुन्हा वर यायचा. २०२१ पासून तो आतच राहतो. सेटिंग्ज, चॅट्स इथे 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' सुरू असल्याची खात्री मात्र करून घ्या. कुणी तुमचं नाव घेऊन बोलावलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तरच सूचना येते. दिवसातून एकदा ठरवून आत डोकावणाऱ्यांसाठी ही सोय चांगली आहे.

यासोबत आणखी एक गोष्ट कराच. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा इथे जाऊन फोटो आणि व्हिडिओचं ऑटो-डाउनलोड बंद करा. अँड्रॉइडवर ग्रुपच्या माहितीत मीडिया व्हिजिबिलिटीही 'नो' करा. द्वेष पसरवणाऱ्या मजकुरासोबत मारहाणीचे व्हिडिओ हमखास येतात आणि घरातल्या मुलांच्या हातात तोच फोन असतो.

ग्रुप सोडणं २०२२ पासून सोपं झालं आहे. आता 'अमुक बाहेर पडला' अशी ओळ सगळ्यांना दिसत नाही, फक्त ॲडमिनना कळतं. पण ते गुप्त राहतं असं समजू नका. ग्रुपच्या माहितीत मागच्या ६० दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी सदस्यांना दिसते. शिवाय बाहेर पडलेल्या माणसाला एखादा ॲडमिन दुसऱ्याच दिवशी परत आत घेऊ शकतो. ते टाळायचं असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे 'माय काँटॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून त्या ॲडमिनच्या नावावर खूण करा. खरी अडचण तांत्रिक नाही. समंजस माणसं एकेक करून निघून गेली, की ज्यांना लक्ष्य केलं जातं ते मुस्लिम किंवा दलित वर्गमित्र त्याच ग्रुपमध्ये कुणाच्याही आधाराशिवाय उरतात. त्यामुळे सोडण्याआधी निदान त्यांना वैयक्तिक फोन करा.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे. तो तीन प्रकारचा असतो, आणि तिन्हींना एकच उपाय केला तर हमखास बिघडतं.

पहिला प्रकार खोट्या बातमीचा. त्यावर बहुतेकदा दोन बाणांची खूण असते, म्हणजे तो मजकूर अनेक हातांतून फिरून आलेला असतो. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये लागली. त्याआधी २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा आली होती. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं होतं. मर्यादेने वेग कमी होतो, पण पळवाट उघडी आहे: मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाणही जातात आणि मर्यादाही. म्हणून बाण नाहीत म्हणजे मित्राने स्वतः लिहिलंय असं धरू नका. मराठीत तपासायचं असेल तर न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो यांची मराठी पानं आहेत. दुवा ग्रुपवर टाकताना मित्राचं नाव घेऊ नका, 'हा व्हिडिओ जुना आहे आणि दुसऱ्या ठिकाणचा आहे' एवढंच लिहा. नाव घेतलं की प्रश्न व्हिडिओचा राहत नाही, माणसाच्या इभ्रतीचा होतो.

दुसरा प्रकार 'गंमत म्हणून' टाकलेल्या टोमण्यांचा. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, त्यानंतर मराठवाड्यातल्या कित्येक बॅचमध्ये मराठा आणि ओबीसी मित्र एकमेकांना असेच बोचकारू लागले. इथे तथ्य तपासायला काही नसतंच. ॲपही काही करू शकत नाही. मेसेज टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट केलेले असल्यामुळे कुणी रिपोर्ट केल्याशिवाय कंपनीला ते वाचता येत नाहीत. रिपोर्ट केलंत तर त्या माणसाचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याला ते कळवलं जात नाही. धमकी किंवा हिंसेची चिथावणी असेल तर रिपोर्ट जरूर करा. टोमण्यांसाठी मात्र त्याचा काही परिणाम होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

तिसरा प्रकार सगळ्यात जड: मित्राचं स्वतःचं, विचार करून लिहिलेलं मत. त्यासाठी व्हॉट्सॲपमधली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी सोय म्हणजे 'रिप्लाय प्रायव्हेटली'. मेसेजवर बोट दाबून धरा, वरच्या तीन ठिपक्यांत हा पर्याय सापडेल. मूळ मेसेजचा तुकडा त्याच्या वैयक्तिक चॅटमध्ये जातो, त्यामुळे 'मी असं म्हटलंच नव्हतं' इथून सुरुवात होत नाही. लिहिण्याआधी स्क्रीनवर वर ग्रुपचं नाव नाही, माणसाचं नाव आहे हे पाहून घ्या. पहिला मेसेज दोन-तीन ओळींचा ठेवा आणि त्यात एकच मुद्दा घ्या. लगेच दुवे नकोत, आकडेवारी नको. 'आपल्याच बाकावर बसणारा अमुकही हे वाचतोय, तुला हे त्याला तोंडावर म्हणता येईल का?' हा प्रश्न दहा दुव्यांपेक्षा जास्त काम करतो, कारण तो एका समाजाविषयीचं बोलणं एका ओळखीच्या माणसापाशी आणून ठेवतो. उत्तर आलं की लिहिणं थांबवा आणि फोन लावा. लेखी वादात प्रत्येक वाक्य स्क्रीनशॉट होऊ शकतं, आणि ते दोघांनाही माहीत असल्यामुळे कुणीच मागे हटत नाही.

भर ग्रुपमध्ये वाद का फसतो याचंही कारण तेच आहे. बघे ३८ असतात. त्यातला एखादा मित्राच्या बाजूने हसरा चेहरा टाकतो, आणि मग माघार घेणं म्हणजे वर्गासमोर हरणं ठरतं. तरीही एक वेळ उघड बोलावंच लागतं: ग्रुपमधल्याच कुणाच्या समाजाला थेट शिवी दिली गेली तेव्हा. तिथे 'हे मला मान्य नाही' एवढं एक वाक्य पुरतं. ते वाद जिंकण्यासाठी लिहायचं नाही. गप्प बसलेल्या वर्गमित्राला ते दिसलं पाहिजे, म्हणून लिहायचं.

ॲडमिनच्या हातात खूप काही आहे. ग्रुप पर्मिशन्समध्ये फक्त ॲडमिननी लिहायचं असं करता येतं, पण हा उपाय दोन-चार दिवसांच्या भडक्यापुरताच वापरा. जास्त लांबवलात तर दुखावलेले लोक दुसरा ग्रुप काढतात आणि तिथे थांबवणारा कुणीच नसतो. नियम ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा, कारण पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. नियम मोघम नको. 'राजकारण नको' असं लिहिलं की ज्याचं त्याचं राजकारण त्याला देशप्रेम वाटतं. 'कोणत्याही जातीला किंवा धर्माला सरसकट दोष देणारा मजकूर, स्वतःचा असो की फॉरवर्ड, काढला जाईल' असं लिहा. २०२२ पासून ॲडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो, मात्र मागे त्याच्या नावाची खूण राहते. ॲडमिन एकच असेल तर पक्षपाताचा शिक्का तिथेच बसतो. निदान तिघांना ॲडमिन करा, तिघांचे राजकीय कल वेगळे असतील असं पाहा, आणि काढायचं काम ज्याच्या बाजूचा मजकूर आहे त्याच ॲडमिनने करायचं असं ठरवा. हा एक नियम पाळला तर निम्मी भांडणं उठतच नाहीत.

ॲडमिनना कायद्याची भीती असते, त्यावर थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्यात त्याचा सामायिक हेतू असल्याचं दिसलं पाहिजे. टाकणाऱ्याची गोष्ट वेगळी. धर्म, जात, भाषा यांवरून शत्रुत्व पसरवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मित्राला हे सांगायचं तर काळजीच्या सुरात आणि फोनवर सांगा. ग्रुपवर सांगितलं की ती धमकीच वाटते.

फेसबुक या बाबतीत उजवं आहे, कारण तिथे माणसागणिक उपाय आहेत. पोस्टच्या तीन ठिपक्यांतलं 'स्नूझ' ३० दिवस चालतं आणि मित्राला ते कळत नाही. निवडणुकीच्या काळात ते फार कामाचं, फक्त मुदत लक्षात ठेवा: २०२४ च्या विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली आणि निकाल २३ नोव्हेंबरला लागला, म्हणजे पहिल्या दिवशी केलेलं स्नूझ ऐन मतदानाआधी संपलं. 'अनफॉलो' कायमचं आहे, मैत्री यादीत राहते. दोन्ही उपायांनी त्याच्या पोस्ट दिसणं थांबतं, पण तुमच्या पोस्टखालच्या त्याच्या कॉमेंट थांबत नाहीत. त्यासाठी त्याला 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाका: त्याच्या प्रोफाइलवर 'फ्रेंड्स' बटण, मग 'एडिट फ्रेंड लिस्ट'. नंतर त्याला तुमच्या फक्त पब्लिक पोस्ट दिसतात, आणि कुणा सामायिक मित्राच्या पोस्टमध्ये तुम्हाला टॅग केलं असेल तर तीही दिसू शकते. अनफ्रेंड करण्याआधी ही पायरी वापरून पाहा. अनफ्रेंडची सूचना जात नाही खरी, पण परत यायचं तर नव्याने रिक्वेस्ट पाठवावी लागते, आणि तीस वर्षांच्या मैत्रीत ती पाठवायला दोघांपैकी कुणीही सहसा धजत नाही.

व्हॉट्सॲपला पाचपैकी अडीच, फेसबुकला साडेतीन. सदस्य म्यूट करायची सोय आली तर व्हॉट्सॲपचा एक गुण लगेच वाढेल.