उपसंहार ठेवावा की काढावा : दादरच्या एका संपादन-सेवेचा अनुभव

दादरला एक निवृत्त संपादिका नवलेखकांच्या हस्तलिखितांवर सशुल्क अभिप्राय देतात. माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मी त्यांच्याकडे एकाच शंकेपोटी नेले होते: अखेरची अकरा पाने, ज्यांना मी 'उपसंहार' म्हटले होते, ती ठेवावीत की काढावीत?

कादंबरी लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका गिरणी कामगाराची आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप लांबत जातो, तो बायकोमुलांना कोकणात धाडतो आणि खोलीत एकटा उरतो, इथे मूळ कथा थांबते. उपसंहार मात्र थेट 2012 मध्ये जातो. म्हाडाने गिरणी कामगारांसाठी काढलेल्या सोडतीत त्याच्या मुलाला घर लागते.

बाईंनी ही अकरा पाने आधी वाचलीच नाहीत. ती बाजूला काढून त्यांनी बाकीचे हस्तलिखित वाचले, मनात उरलेले तीन प्रश्न समासात लिहिले आणि मगच उपसंहार उघडला. त्या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर तिथे नव्हते. बायको गावाहून परतली की नाही, हे मी सांगायचेच विसरलो होतो, आणि घराचे काय झाले हे तर त्यांनी विचारलेच नव्हते. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'चा उपसंहार दोन भागांचा आहे, याची त्यांनी आठवण करून दिली: पहिल्यात काही वर्षांनंतरचे संसार दिसतात, तर दुसऱ्यात इतिहासाविषयीचे दीर्घ विवेचन येते. माझी बहुतेक पाने या दुसऱ्या जातीची होती, फक्त टॉलस्टॉयच्या कुवतीविना. (हे शेवटचे शब्द माझे, बाईंनी ते सौजन्याने टाळले.)

उणिवाही सांगायला हव्यात. तीन आठवड्यांचा वायदा सात आठवड्यांवर गेला, शुल्क मात्र पूर्ण आगाऊ घेतले होते. शुद्धलेखनाकडे त्या पाहत नाहीत, त्यामुळे मुद्रितशोधनाचा खर्च वेगळा धरावा लागतो. मधल्या प्रकरणांच्या संथ गतीविषयी अभिप्रायात जेमतेम दोन ओळी आहेत.

तरीही ज्यांचे लेखन पूर्ण झाले आहे आणि अडचण केवळ शेवटाची आहे, त्यांनी अवश्य जावे. मी सोडतीची नऊ पाने काढली. उरलेल्या दोन पानांत बायकोचे एक पत्र होते, ते आता शेवटच्या प्रकरणात आले आहे. जाताना उपसंहाराची पाने वेगळ्या पाकिटात न्यावीत.