धातू बघायचाय की वरचा थर? टीईएम-एसईएमचा स्लॉट घेण्याआधी

पीव्हीपी किंवा पीईजी या पॉलिमरचा थर चढवलेले सोन्या-चांदीचे नॅनोकण घेऊन कुणी ‘टीईएम करू की एसईएम?’ (दोन्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक; टीईएममध्ये इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात, एसईएममध्ये पृष्ठभागावरून फिरतात) असं विचारलं, की मी उलट विचारतो: बघायचंय काय?

नुसता धातू बघायचा असेल तर डोळे मिटून टीईएम. २०० केव्हीवर (किलोव्होल्ट, इलेक्ट्रॉनांना वेग देणारा विद्युतदाब) १० नॅनोमीटरचा सोन्याचा कण काळाकुट्ट, रेखीव कडांचा दिसतो. दोनेकशे कण मोजा, आकाराचा आलेख काढा, झालं. एफई-एसईएमचा (एसईएमचाच जास्त बारीक दाखवणारा प्रकार) स्लॉट बहुधा लवकर मिळतो, खर्चही कमी. पण कण ५० नॅनोमीटरच्या पुढचे असतील तरच त्याच्या वाटेला जा. १० नॅनोमीटरचे कण तिथे पांढरे ठिपकेच. आणि चार्जिंग (नमुन्यावर विद्युतभार साचणं) टाळायला ऑपरेटर सवयीने सोन्याचा मुलामा चढवायला निघाला तर त्याला थांबवा. सोन्याच्या कणांवर सोनं! सिलिकॉन वेफरवर थेंब वाळवा आणि कमी केव्हीवर बघा.

खरी गोची थराची. सोन्याचा अणुक्रमांक ७९, पॉलिमरमधल्या कार्बनचा ६; अणुक्रमांक जितका कमी, तितकी टीईएममध्ये छटा फिकी. त्यात ग्रिडवरची (नमुना ठेवायच्या बारीक जाळीवरची) फिल्मही कार्बनची, म्हणजे चुन्याच्या भिंतीवर खडूची रेघ. मला एकदा प्रत्येक कणाभोवती सुरेख फिकट कडं दिसलं आणि मी खूश. मग फोकसचा नॉब जरा फिरवला, तर कडं जाड-बारीक होऊ लागलं. ती फ्रेनेलची किनार होती, म्हणजे फोकस जरा चुकला की कडेला उमटणारी रेघ; खरा थर फोकसबरोबर असा बदलत नाही. हाडफ-स्टेमकडूनही (जड अणू उजळ दाखवणारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पद्धत) आशा नको: तिथे धातू झगमगतो, पॉलिमर अंधारात जातो, वर बीमखाली कार्बनची पुटं चढतात.

थरासाठी माझं मत निगेटिव्ह स्टेनिंगला. १–२ टक्के युरेनिल अ‍ॅसिटेटने पार्श्वभूमी गडद होते आणि थर उजळ उठून दिसतो. ते किरणोत्सर्गी असल्याने लॅबमध्ये परवानगी नसेल तर फॉस्फोटंगस्टिक आम्ल वापरा. मात्र हा थर वाळून बसलेला असतो. पाण्यात तो फुगलेला असतो, म्हणून डीएलएसचा (द्रवातल्या कणांचा आकार विखुरलेल्या प्रकाशावरून मोजणारी पद्धत) आकडा मोठा येतो; दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या. क्रायो-टीईएममध्ये नमुना द्रव इथेनमध्ये गोठवतात, त्यामुळे थर फुगलेलाच राहतो. पण फुगलेला पीईजी बर्फात जेमतेम दिसतो. निव्वळ जाडीसाठी तो खटाटोप मी करणार नाही.

काहीही निवडा, कण आधी सेंट्रिफ्यूज करून दोनदा धुवा. नाहीतर मोकळा पीव्हीपी ग्रिडभर सायीसारखा पसरतो आणि अख्खा स्लॉट साय बघण्यात जातो.