हातकागदावरच्या कामाला फ्रेम करायची असेल तर : नाशिकच्या रविवार कारंज्याजवळचं एक दुकान

माझं काम ठशांचं. झाडाच्या सालीवर हातकागद धरून ग्रॅफाइट घासते, मग त्याच कागदावर घरच्यांच्या तळहाताला ग्रॅफाइटची पूड लावून ठसा घेते. इटलीच्या ज्युझेप्पे पेनोने यांनी १९६८ मध्ये धातूत ओतलेला स्वतःचा हात एका कोवळ्या झाडाच्या खोडाला मुठीत धरल्यासारखा बसवला. झाड वाढत गेलं ते त्या हाताला पोटात घेत. त्याचे फोटो पाहिले तेव्हापासून मी या वाटेला लागले.

आता मुद्द्याचं. अशा कामाला फ्रेम करून घेणं फार जिकिरीचं असतं. आधी एका ठिकाणी गंगापूर रोडच्या वडाचा ठसा दिला होता, तर त्यांनी तो गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवला आणि कागदाच्या दातेरी कडा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, दाबून टाकल्या. पावसाळ्यात त्यावर तपकिरी ठिपके आले. तो कागद आता सुटत नाही.

रविवार कारंज्याजवळच्या गल्लीतल्या या दुकानात फ्रेम करणाऱ्या काकांनी आधी हात धुतले, पुसले, मग फाईल उघडली. आईच्या हाताचा ठसा होता. बोटांच्या पेरांवरच्या रेघा सालीच्या भेगांमध्ये कुठे शिरतात ते त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, याच्या कडा झाकायच्या नाहीत." फ्रेम हलकी पडेल म्हणून मी काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, मागितलं होतं. ते नको म्हणाले. ॲक्रिलिकवर स्थिर वीज धरते आणि मोकळी पूड कागदावरून उचलली जाते. काचच घ्या, पण मध्ये पट्टी टाकून कागदापासून लांब ठेवू.

कागद मागून फक्त वरच्या दोन टोकांना, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने टांगलाय. ही खळी पाण्याने सुटते, म्हणजे कागद पुढे कधी काढायचा झाला तर निघतो. मागे ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) बोर्ड. कागद त्यावर किंचित उचललेला, त्यामुळे चारही कडांची सावली दिसते आणि सालीचा खरखरीतपणा अंगावर येतो. भिंतीकडच्या बाजूला खाली दोन रबरी टिकल्याही लावल्यात, भिंतीची ओल थेट लागू नये म्हणून. नाशिकच्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी हे मुद्दाम मागून घ्यावं.

सागवानी पट्टीचं पॉलिश मला जरा जास्त चकचकीत वाटलं; साधं, मॅट हवं असेल तर आधीच सांगा. वेळही लागतो, प्रदर्शन तोंडावर असताना जाऊ नका. नेहमीच्या फ्रेमपेक्षा पैसे बरेच जास्त पडतात, पण मला ते अजिबात खटकले नाहीत. गाडी मात्र लांब लावून चालत जा, गल्लीत जागा नाही. आणि काम गुंडाळून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून न्या. पूड झटकली गेली तर काकाही काही करू शकणार नाहीत.